धनुष्य हातून का गळते?

चैत्री पौर्णिमा जवळ आली की आमच्या मंदिराच्या मागील अंगणातील मल्लखांबाला पुन्हा एरंडेल लागू लागते. जन्मोत्सवाच्या पहाटे कीर्तन होते, सूर्योदयी पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो आणि सायंकाळी तालमीतील मुले मारुतिरायापुढे आपली विद्या रुजू करतात. शक्ती, बुद्धी आणि भक्ती ज्या देवतेच्या ठायी एकत्र नांदतात, त्या देवतेला फुलांबरोबर कमावलेले शरीरही वाहावे, अशी या रीतीमागील भावना आहे.

गेल्या वर्षीच्या उत्सवात जो प्रसंग घडला, त्याविषयी लिहिण्याचे आम्ही बरेच दिवस टाळत आलो. आता उत्सव पुन्हा तोंडावर आला आहे, म्हणून लिहितो.

चौदा वर्षांचा एक मुलगा. पाच वर्षे नेमाने तालमीत येणारा. त्या सायंकाळी स्पर्धेसाठी मुले निवडणारे दोन पाहुणे बाहेरगावाहून मुद्दाम आले होते आणि ते आल्याचे आम्हीच ध्वनिक्षेपकावरून जाहीर केले होते. मुलाने सलामी दिली, पहिल्या दोन उड्या निर्दोष केल्या आणि तो बोंडावर चढून तोल सांभाळीत उभा राहिला. इतक्यात त्याच्या पोटऱ्या थरथरू लागल्या. तोल गेला, घाईने घातलेली पकड सुटली आणि तो खांबावरून घसरत खाली आला. दुखापत अशी काही झाली नाही. परंतु तो उठून उभा राहण्यापूर्वीच त्याचे वडील सर्वांदेखत म्हणाले, "चार माणसांत नाक कापलेस!" समारोपाचे दोन शब्द आमच्याकडे होते. त्यात आम्ही म्हणून गेलो की, शरीर कमावणे सोपे, धीर कमावणे कठीण. लोकांनी टाळ्या वाजविल्या. दुसऱ्या दिवसापासून मुलगा तालमीत आला नाही.

पुढे एकदा वस्तादांची गाठ पडली असता त्यांनी सांगितले, "तोच तोल तो पोरगा रोज संध्याकाळी साधत होता. त्यात त्याला काही नवे नव्हते." मग त्या दिवशी नवे काय होते? आणि जे घडले त्याला धैर्याचा अभाव म्हणावयाचे काय? हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनात घर करून राहिला आहे.

प्रथम शरीराची बाजू पाहू. संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडांवर असलेल्या लहानशा ग्रंथींतून ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात मिसळतात. हृदय वेगाने चालू लागते, श्वास उथळ होतो, तळहात आणि तळपाय घामेजतात. पळून जाण्यास किंवा झुंजण्यास निसर्गाने केलेली ही सिद्धता आहे. वाघ समोर आला असता ती उपकारक ठरते. परंतु तेलकट खांबावर ओला तळवा काय करणार? शिवाय प्रत्येक सांध्यापाशी वाकविणारे आणि ताठ करणारे असे दोन प्रकारचे स्नायू असतात. नेहमी एक आवळला म्हणजे दुसरा सैल पडतो आणि म्हणूनच हालचाल वाहत्या पाण्यासारखी होते. भयाच्या प्रसंगी हे दोन्ही एकाच वेळी आवळू लागतात. सांधा ताठरतो, हालचाल तुटक होते आणि तेवढ्याच कामासाठी अधिक शक्ती खर्ची पडते. दृष्टीचा घेरही आकुंचित होतो आणि बाजूचे दिसेनासे होते. दडपणाखाली असलेल्या खेळाडूला इजा अधिक का संभवते, याचे कारण सांगताना मार्क अँडरसन आणि जीन विल्यम्स या अभ्यासकांनी १९८८ मध्ये स्नायूंचा ताण आणि आकुंचित दृष्टी याच दोन गोष्टींवर बोट ठेवले होते.

दुसरी बाजू अवधानाची. आपल्यापैकी कितीतरी जण रोज रात्री मंत्रपुष्पांजली न अडखळता म्हणतात. त्यांच्यापैकी एखाद्याला एकट्याला सभेपुढे उभे करावे आणि एकही अक्षर चुकता कामा नये असे बजावावे. मग पुढचा शब्द कोणता, असा विचार त्याच्या मनात येतो आणि तेथेच तो अडखळतो. जे सवयीच्या हाती सोपविलेले असते ते विचाराने परत हिसकावून घेतले की घडी विस्कटते. मल्लखांबावरील तोल असाच सवयीच्या हाती असतो. "पाय नीट ठेवला आहे ना? गुडघा ताठ आहे ना?" असे मन विचारू लागले की पाय परका होतो. रिचर्ड मास्टर्स या संशोधकाने १९९२ मध्ये नवशिक्यांना गोल्फमधील चेंडू खळीत ढकलण्याचे काम शिकवून ही गोष्ट तपासली. काहींना पुष्कळ नियम सांगितले होते. काहींना नियम न सांगता आणि त्यांचे मन दुसऱ्याच एका कामात गुंतवून केवळ सराव करविला होता. पुढे पैसे आणि परीक्षक यांचे दडपण आणले, तेव्हा नियम घोकलेल्यांची प्रगती खुंटली. ज्यांच्याजवळ घोकण्यास नियमच नव्हते ते मात्र सुधारत राहिले.

नेदरलँड्समधील संशोधकांनी केलेला एक प्रयोग तर आम्हांस फार बोलका वाटला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांनी चढाईच्या एकाच भिंतीवर दोन वाटा आखल्या. दोहोंतील पकडी सारख्या आणि त्यांमधील अंतरेही सारखी. एक वाट जमिनीलगत, दुसरी बरीच उंच. शरीराला करावयाचे काम दोन्हीकडे तेच होते. तरीही उंचावरील वाटेवर हृदयाचे ठोके वाढले, स्नायू अधिक थकले, वेळ अधिक लागला आणि हालचालीतील सहजता हरपली. भिंत तीच, माणूस तोच, बदलले ते फक्त मन. आमच्या मुलाच्या बाबतीत खांब तोच होता आणि उंचीही तीच होती. वर चढविली होती ती आम्ही केलेल्या घोषणेने आणि त्याच्या वडिलांच्या अपेक्षेने.

हे सारे नवे शास्त्र आहे असे कोणी म्हणेल. परंतु दर गीता जयंतीला आपण ज्या ग्रंथाचे पारायण करतो, त्याच्या पहिल्याच अध्यायात हेच वर्णिले आहे. तत्त्वज्ञानाला आरंभ होण्यापूर्वी तेथे एका शरीराचे वर्णन येते. अवयव गळून जात आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंगाला कंप सुटला आहे, त्वचेचा दाह होत आहे, उभे राहवत नाही, मन भोवंडून गेले आहे आणि गांडीव हातातून निसटत आहे. हे शरीर कोणाचे? किराताच्या रूपाने आलेल्या साक्षात शंकराशी झुंजलेल्या अर्जुनाचे.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट विराटपर्वात आहे. अज्ञातवास संपता संपता कौरवांनी विराटाच्या गाई वळविल्या. तेव्हा बृहन्नडेच्या वेषातील अर्जुन राजपुत्र उत्तराचा सारथी होऊन निघाला. कौरवसेना दृष्टीस पडताच उत्तराचे अवसान गळाले आणि तो रथातून उडी टाकून पळत सुटला. अर्जुनाने त्याच्यामागे धावून त्यास परत आणले, धीर दिला, त्याच्या हाती लगाम दिले आणि शमीवृक्षावरील गांडीव उतरवून स्वतः युद्ध केले. त्या दिवशी समोर भीष्म होते, द्रोण होते, कृप होते, कर्ण होता. अर्जुनाचा हात थरथरला नाही. त्यानंतर थोड्याच काळाने कुरुक्षेत्रावर तेच भीष्म आणि तेच द्रोण समोर असता, तेच गांडीव त्याच्या हातात राहीना. धनुष्य तेच, शत्रू तेच, बाहूही तेच. पालटले होते ते मनावरील ओझे. पहिल्या दिवशी गाई सोडवावयाच्या होत्या, दुसऱ्या दिवशी कुळाचा अंत डोळ्यांसमोर उभा होता. ज्याने उत्तराला सावरले त्याच्यावर उत्तराचीच वेळ आली. यावरून अर्जुन भित्रा होता असा निष्कर्ष आजवर कोणा भाष्यकाराने काढलेला आमच्या वाचनात नाही. मग तोच निष्कर्ष चौदा वर्षांच्या मुलाविषयी आम्ही एका वाक्यात कसा काढला?

येथे एक आक्षेप निघेल आणि तो रास्तच आहे. भगवंतांनीही अर्जुनाची निर्भर्त्सना केली नव्हती काय? हे दौर्बल्य तुला शोभत नाही, ऊठ, असेच ते म्हणाले ना? होय, म्हणाले. परंतु सातशे श्लोकांच्या गीतेत ही निर्भर्त्सना दोन श्लोकांची आहे, आणि तिचा परिणाम काय झाला तेही व्यासांनी लपविलेले नाही. अर्जुन उठला नाही. त्याने आपली व्यथा पुन्हा सांगितली, मी लढणार नाही असे म्हटले आणि तो स्तब्ध झाला. शब्दांच्या चाबकाने काम झाले नाही, तेव्हा भगवंतांनी चाबूक खाली ठेवला आणि संवाद आरंभिला. त्यांनी रथ दोन्ही सेनांच्या मध्ये उभाच ठेवला. शिष्याचे सगळे प्रश्न ऐकून घेतले, तो एकच शंका फिरून फिरून विचारीत असता कंटाळा केला नाही, आणि अखेरीस या सर्वाचा पूर्ण विचार करून तुला योग्य वाटेल तसे कर, असे सांगून निर्णय त्याच्यावरच सोपविला. धीर देणे म्हणजे काय, याचा याहून थोर वस्तुपाठ आम्हांस ठाऊक नाही. आम्ही त्यातील दोन श्लोक तेवढे उचलले आणि उरलेले सोडून दिले.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. मन आणि शरीर यांचा मेळ तुटला असे ज्याला उमगले, त्याने रिंगणातून मागे सरणे हा धर्म की अधर्म? या प्रश्नाचे अलीकडील मोठे उदाहरण अमेरिकेच्या सिमोन बाइल्स यांचे आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके मिळविणाऱ्या या जिम्नॅस्टकडून पुढील ऑलिंपिकमध्ये सर्व जगाने सुवर्णच धरून ठेवले होते. महामारीमुळे टोकियोचे २०२० चे सामने २०२१ मध्ये झाले. २७ जुलै २०२१ रोजी सांघिक अंतिम फेरीत व्हॉल्टवर अडीच वेढे घेण्याच्या तयारीने त्यांनी झेप घेतली, पण हवेत दीडच वेढा पडला आणि त्या कशाबशा जमिनीवर उतरल्या. आपण हवेत कोठे आहोत, जमीन कोणत्या दिशेला आहे, हेच त्यांना कळेनासे झाले होते. जिम्नॅस्ट या अवस्थेला ट्विस्टीज म्हणतात. त्या फेरीतून त्या बाहेर पडल्या. संघाला रौप्यपदक मिळाले. वैयक्तिक अंतिम फेऱ्यांपैकी एक सोडून सर्वांतून त्यांनी माघार घेतली.

त्यांना पळपुटी म्हणणारे निघाले तसे धैर्यशाली म्हणणारेही निघाले. आम्हांस वाटते, दोन्ही शब्द घाईचे आहेत. पराभवाच्या भयाने मागे सरणे निराळे आणि शरीर आज्ञा पाळीत नाही हे ओळखून मागे सरणे निराळे. डोके खाली आणि पाय वर अशा स्थितीत दिशा हरपली तर मान मोडते. ज्या पहारेकऱ्याला दिसेनासे झाले आहे त्याने ते आपल्या सोबत्यांना सांगणे हाच त्याचा धर्म होय. न सांगता उभे राहणे हा शूरपणा नसून सोबत्यांची फसवणूक आहे. बाइल्स मैदान सोडून निघून गेल्या नाहीत. ज्या सहकारिणी त्यांच्या जागी उतरल्या त्यांना हाका मारीत त्या तेथेच थांबल्या. ३ ऑगस्टला त्या बीमवर उतरल्या. शेवटच्या उडीतील वेढे काढून टाकून, जेवढे शरीर देत होते तेवढेच मागून, त्यांनी कांस्यपदक मिळविले. २०२४ मध्ये पॅरिसला त्याच बाइल्स तीन सुवर्णपदके आणि एक रौप्य घेऊन परतल्या. परंतु ही पदके मिळाली म्हणून त्यांची माघार योग्य ठरली असे आम्ही म्हणणार नाही. त्या पुन्हा कधी उतरल्या नसत्या तरीही ती योग्यच होती. कर्म योग्य की अयोग्य हे त्याच्या फळावरून ठरवू नये, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

तिसरा आक्षेप आमच्याच वयाच्या मंडळींकडून येतो. असे हळुवारपणे वागविले तर पोरे लेचीपेची होतील, ताणाशिवाय का कोठे पराक्रम घडतो? यात तथ्य आहे. तंबोऱ्याची तार सैल असेल तर सूर निघत नाही. यर्कस आणि डॉडसन यांच्या १९०८ मधील प्रयोगापासून, अवघड काम करताना माफक उत्तेजन उपकारक आणि अतिरेकी उत्तेजन अपकारक, असा विचार मानसशास्त्रात चालत आला आहे. मुलांना दडपणापासून सर्वस्वी दूर ठेवावे असे आमचे म्हणणे नाही. वर ज्यांचा उल्लेख केला त्या डच संशोधकांपैकीच दोघांनी पुढे असे दाखविले की, थोड्या भीतीच्या परिस्थितीत ज्यांच्याकडून सराव करविला, त्यांचा खेळ मोठ्या भीतीच्या प्रसंगी ढासळला नाही. म्हणजे धीर हा जन्मजात दागिना नव्हे. तो दंड-बैठकांप्रमाणे हळूहळू वाढवावयाचा असतो. आज दहा जणांपुढे, पुढील महिन्यात पन्नास जणांपुढे, मग उत्सवात. कोणताही वस्ताद पहिल्या दिवशी मुलाला बोंडावर उभे करीत नाही. परंतु मनाच्या बाबतीत आपण नेमके तेच करतो आणि तो कोसळला की त्याच्या मनगटाला दोष देतो.

या साऱ्या विचारातून आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. फळाची आशा धरू नये, हा उपदेश आपण नेहमी खेळणाऱ्याला करतो. परीक्षेला बसणाऱ्या मुलाला करतो, रिंगणात उतरणाऱ्या मुलीला करतो. वस्तुतः त्या उपदेशाची अधिक गरज कठड्याबाहेर बसलेल्या आपणांस आहे. मुलाच्या मनात फळाची आशा येते ती कोठून? आपण ती घरी जेवताना बोलून दाखवितो, नातेवाइकांना कळवितो, ध्वनिक्षेपकावरून जाहीर करतो. आपली प्रतिष्ठा, आपल्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छा, आपल्या मंडळाचे नाव, हे सारे त्याच्या खांद्यावर ठेवून आपण त्याला चढावयास सांगतो. ओझे आपले आणि पाय त्याचे. मग ते पाय थरथरले तर थरथरण्याचा दोष कोणाचा? ज्याला निष्काम कर्म मुलांना शिकवावयाचे आहे, त्याने प्रथम मुलांच्या कर्मावरील आपली कामना सोडावी.

याचा अर्थ जबाबदारी कोणाचीच नाही असा नव्हे. सराव करणे ही मुलाची जबाबदारी आहे. त्याचा आवाका ओळखणे ही वस्तादांची आहे. घसरल्यानंतर त्याला परत येण्याची वाट मोकळी ठेवणे ही आपली, प्रेक्षकांची आणि आईबापांची आहे. गेल्या वर्षी पहिल्या दोघांनी आपले काम केले होते. चुकलो ते आम्ही.

म्हणून यंदाच्या उत्सवापुरती सभासद बंधुभगिनींना आमची काही नम्र विनंती आहे. पाहुणे कोण आले आहेत हे प्रात्यक्षिके संपेपर्यंत जाहीर करू नये. उत्सवाआधीच्या दोन शनिवारी मुलांचा सराव चालू असता ज्यांना शक्य आहे त्यांनी येऊन नुसते बसावे, म्हणजे माणसांची सवय मुलांना होईल. कोणी घसरले तर पहिला शब्द वस्तादांचा असावा. आईवडिलांना काही सांगावयाचे असेल तर त्यांनी ते घरी, मुलाचे जेवण झाल्यानंतर सांगावे. आणि समारोपाचे दोन शब्द बोलणाराने ते बोलण्यापूर्वी चार वेळा विचार करावा. ही शेवटची सूचना आम्ही स्वतःसाठी लिहीत आहोत.

गेल्या आठवड्यात आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो होतो. त्याच्या वडिलांसमक्ष त्याला म्हणालो, "बाळ, त्या दिवशी आम्ही जे बोललो ते चुकीचे होते." मुलगा खाली मान घालून उभा होता. वडील काही बोलले नाहीत. परंतु आम्ही निघताना ते फाटकापर्यंत सोडावयास आले आणि म्हणाले, "माझ्याही तोंडून गेलेच हो." परवा सायंकाळी मुलगा तालमीत आला. खांबावर चढला नाही. लहान मुलांसाठी खांबाला एरंडेल लावीत बसला आणि दिवेलागणीला घरी गेला. वस्तादांनी त्याला काही विचारले नाही, आम्हीही विचारले नाही. तो यंदा चढेल की नाही हे आम्हांस ठाऊक नाही, आणि ते ठरविण्याचा अधिकार त्याचा आहे. अंगणात त्याची जागा मोकळी आहे, एवढे त्याला आपल्या सर्वांच्या वागण्यातून कळावे, हीच मारुतिरायाचरणी प्रार्थना.